गोंधळ सभागृहात, लग्न सायप्रसमध्ये

इस्रायलमधून सुट्टीवर नाशिकला आलेल्या माणसाकडे युद्धाची चौकशी करून झाली की लोक हमखास दुसरा प्रश्न विचारतात: तिकडचे पुढारी तरी सभागृहात नीट वागतात का? जुलै २०२५ पासून आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला जरा जास्तच धार आली आहे. त्या महिन्याच्या पावसाळी अधिवेशनात सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचे सांगणारी चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पण महिनाअखेरीस कृषी खाते त्यांच्याकडून गेले आणि क्रीडा खाते आले. खातेबदल करणाऱ्याला विनोदबुद्धी असली पाहिजे, असे आमच्या घरी एकमताने ठरले. त्याच महिन्यात विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली आणि बुलढाण्याच्या आमदारांनी आमदार निवासाच्या उपाहारगृहातील कर्मचाऱ्याला डाळ खराब असल्याच्या कारणावरून मारहाण केली. एवढे सगळे एका महिन्यात पाहिल्यावर परदेशातून आलेल्या मुलीने काहीतरी शिस्तीचे, आदर्श वगैरे ऐकवावे, अशी आप्तांची अपेक्षा असते.

ती मी पुरी करू शकत नाही. ठिबक सिंचनावरील संशोधनाच्या निमित्ताने मी रेहोवोत या गावात राहते, आणि तिथे दुपारच्या जेवणाला बसले की भिंतीवरच्या टीव्हीवर बहुतेक वेळा क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, चालू असते. १२० सदस्यांचे एकच सभागृह आहे आणि त्यात एक जण बोलत असताना पाच जण त्याच्यावर ओरडत असतात. अध्यक्ष नावानिशी समज देतात, दुसऱ्यांदा देतात, तिसऱ्यांदा दिली की सभागृहातील कर्मचारी येऊन त्या सदस्याला बाहेर काढतात, आणि तो दारापर्यंत मागे वळून बोलतच राहतो. जेवणाऱ्यांपैकी कोणी मान वर करून पाहतही नाही.

जानेवारी २०१२ मध्ये समितीच्या बैठकीत अनास्तासिया मिखाएली या सदस्याने वाद वाढताच गालेब मजादले या अरब सदस्याच्या अंगावर ग्लासभर पाणी फेकले. त्याच वर्षी मिखाएल बेन-आरी यांनी बायबलचा नवा करार कॅमेऱ्यासमोर फाडला. ओरेन हझान यांचे नाव तर अशा गोष्टींसाठीच लोकांच्या लक्षात आहे. ट्रम्प २०१७ मध्ये विमानतळावर उतरले तेव्हा स्वागताच्या रांगेतच त्यांना अडवून सेल्फी काढणारे ते हेच. स्नायूंच्या विकारामुळे चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या करिन एल्हरार यांच्या अपंगत्वाची टिंगलही याच गृहस्थांनी भर सभागृहात केली होती. सहकाऱ्यांना केलेल्या शिवीगाळीबद्दल २०१८ मध्ये आचारसमितीने त्यांना सहा महिने कामकाजातून दूर ठेवले. एल्हरार पुढे मंत्री झाल्या, हझान पुढच्या सभागृहात नव्हते. इतका न्याय राजकारणात क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

मात्र या देशात राहू लागल्यानंतर माझी एक खात्री पटत गेली आहे. कॅमेऱ्यात सापडणाऱ्या या वर्तनाने लोकांचे फारसे बिघडत नाही. ज्याने खरोखर बिघडते ते सभ्य आवाजात, पुष्कळदा कागदावर, होते आणि त्याची चित्रफीत निघत नाही. तिथल्या लग्नाचा कायदा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही, हे नाशिकमध्ये सांगितले की पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. इतका आधुनिक देश, आपल्या द्राक्षबागायतदारांना तिथले शेतीतंत्र कौतुकाने दाखवले जाते, आणि तिथे साधे नोंदणी पद्धतीचे लग्न करता येत नाही? येत नाही. ऑटोमन, म्हणजे तुर्की राजवटीच्या, काळापासून विवाह आणि घटस्फोट हा विषय ज्या त्या धर्मसमाजाच्या हाती होता. इंग्रजांनी ती व्यवस्था तशीच ठेवली. जून १९४७ मध्ये, राज्य अजून स्थापन व्हायचे असताना, पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन-गुरियन यांनी कर्मठ धार्मिक पक्षाला एक पत्र पाठवले. शनिवारची सुट्टी, सरकारी भोजनगृहातील आहारनियम, शिक्षण आणि विवाह या बाबतींत धार्मिकांच्या भावना जपल्या जातील, असे आश्वासन त्या पत्रात होते. १९५३ मध्ये कायदा होऊन ज्यू नागरिकांचे विवाह आणि घटस्फोट धर्मन्यायालयांकडे गेले. मुसलमानांसाठी शरिया न्यायालये, ख्रिश्चनांसाठी चर्चची न्यायालये, द्रुझ या छोट्या अरबी भाषक धर्मसमाजासाठी त्यांची स्वतःची. दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांनी कुठे जायचे, याचे उत्तर या रचनेत नाही. ना कोणी पाणी फेकले, ना कोणी पुस्तक फाडले. एक नम्र पत्र गेले आणि पुढच्या पिढ्यांच्या लग्नांचा निकाल लागला.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका गृहस्थाची अडचण तर दोघांचा धर्म एक असूनही होती. तो कोहेन घराण्यातला, म्हणजे परंपरेने प्राचीन मंदिराच्या पुरोहितांच्या वंशातला, आणि जिच्याशी लग्न ठरले ती घटस्फोटिता. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कोहेनने घटस्फोटितेशी विवाह करायचा नसतो. तो स्वतः प्रार्थनामंदिराची पायरी चढत नाही, शनिवारी गाडी चालवतो, पण धर्मपीठाच्या कार्यालयात त्याचे आडनाव आणि तिचा आधीचा दाखला एकत्र ठेवले गेले तिथेच विषय संपला. तेव्हा असंख्य जोडपी जे करतात तेच त्यांनी केले: तासाभराचे विमान पकडून सायप्रसमधील लार्नाका गाठले. कागदपत्रे, हॉटेल, छायाचित्रकार, नगरपालिकेतील वेळ, हे सगळे जुळवून देणारे दलाल आहेत. नगरपालिकेच्या सभागृहात एका अधिकाऱ्याने इंग्रजीतून मजकूर वाचला, दोघांनी होकार दिला, सह्या झाल्या, आणि पुढच्या जोडप्यासाठी खुर्च्या मोकळ्या करायला सांगण्यात आले. त्यांच्या आधी तिथे बैरुतचे जोडपे होते, कारण लेबनॉनमध्येही नागरी विवाह नाही. ज्या दोन देशांत साधा टपालव्यवहारसुद्धा नाही, तिथल्या वधू एकाच बाकावर आपापले झगे सावरत बसल्या होत्या. कायद्याच्या भीतीने कोणी कोणाशी बोलले नाही, पण एकीने दुसरीच्या केसातली सुटलेली पिन काढून तिच्या हातात दिली, असे त्याची बायको सांगते.

परदेशात झालेल्या अशा विवाहाची नोंद इस्रायलच्या गृहखात्याला करावी लागते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितले. २००६ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या परदेशी विवाहांनाही तेच लागू झाले. करोनाच्या काळात विमाने बंद पडली तेव्हा अमेरिकेतल्या युटा राज्यातील एक कार्यालय दूरदृश्य पद्धतीने लग्ने लावू लागले. तेल अवीवच्या दिवाणखान्यात बसून, लॅपटॉपसमोर. गृहमंत्र्यांनी त्या नोंदी थांबवल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंद करणे भाग असल्याचा निकाल दिला. म्हणजे लग्न मान्य आहे, फक्त ते देशाच्या भूमीवर देशाच्या अधिकाऱ्याने लावायचे नाही. पुन्हा दोघेही ज्यू असतील तर सायप्रसला झालेले लग्न मोडण्यासाठी धर्मन्यायालयातच जावे लागते. जाताना चुकवलेले दार येताना उभेच असते.

क्नेसेटमध्ये नागरी विवाहाची विधेयके येत नाहीत असे नाही. याइर लापिड यांचा पक्ष, अविग्दोर लिबरमन यांचा पक्ष हा विषय निवडणुकीत मांडतात, कारण पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या लाखो लोकांपैकी पुष्कळांना धर्मपीठ ज्यू मानत नाही. पण बहुमतासाठी धार्मिक पक्ष लागतात आणि त्यांची पहिली अट ‘जैसे थे’ अशी असते. २०१० मध्ये झालेला कायदा, दोघेही कोणत्याच धर्माचे नसतील तरच, इतक्या अरुंद फटीपुरता उपयोगी आहे. बाकी विधेयके बहुधा पहिल्याच पायरीवर पडतात आणि ते मतदान दोन मिनिटांत उरकते. त्या दोन मिनिटांत कोणी ओरडत नाही, म्हणून रात्रीच्या बातम्यांत ते दिसतही नाही.

लोकांच्या आरडाओरड्याने मात्र कधी कधी काम होते, आणि त्याचे उदाहरण मराठी आहे. कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू, गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे ते लोक, इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका काढली गेली. इतर समाजातील ज्यूशी लग्न करायचे तर बेने इस्रायली पक्षाच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे आदेश १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाकडून निघाले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावे पिढ्यान् पिढ्या सापडतात. अशी वही नसलेल्या माणसाने आजीची आजी कुठून आणायची? लोद गावात राहणाऱ्या, ऐंशी पार केलेल्या एका आजींनी मला ते अस्सल मराठीत सांगितले. “आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. तो म्हणे त्याच्या मागं. म्हटलं, त्याच्या मागं समुद्र आहे.” त्यांच्या धाकट्या दिराचे लग्न या चौकशीत रखडले होते. समाजाने जेरुसलेममध्ये ठाण मांडून निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने खास अधिवेशन घेऊन बेने इस्रायली हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे जाहीर केले. आजींच्या मते त्या काळचे पुढारी बोलायला फार गोड होते.

हे ऐकून नाशिकमधले लोक म्हणतात की आपल्याकडे बरे आहे, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. आहे, आणि तो मला मोठ्या मोलाचा वाटतो; लार्नाकाला जावे लागत नाही ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते, नोंदवही कोणालाही पाहता येते, आणि दोघांपैकी एकाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही लागते. घरच्यांना न सांगता लग्न करू पाहणाऱ्या मुलीसाठी हे तीस दिवस म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. घरच्यांचा होकार असून काय होते तेही नाशिकने जुलै २०२१ मध्ये पाहिले: आंतरधर्मीय जोडपे, दोन्ही घरे राजी, नोंदणी झालेली, आणि केवळ पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरल्यामुळे ठरलेला सोहळा कुटुंबाला रद्द करावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अशा विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. सुरुवातीला तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते; टीका झाल्यावर ते वगळले आणि आंतरधर्मीय तेवढे ठेवले. शासन निर्णय निघताना कुठे हाणामारी झाली नाही.

आमच्या आप्तमंडळींना सिन्नरच्या आमदारांच्या हातात कोणते पत्ते होते तेही तोंडपाठ आहे, पण त्यांनी किंवा जिल्ह्यातल्या इतर कोणी कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले, हे विचारले तर सगळे माझ्याकडेच पाहतात. त्यांचा दोष नाही. आपल्या विधानसभेत बहुतेक कायदे आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि कोण कशाला ‘होय’ म्हणाले याची नोंद राहत नाही. क्नेसेटमध्ये बटण दाबून मत दिले जाते आणि नावांची यादी संकेतस्थळावर पाहता येते. तिथे अडचण उलटी आहे: मतदारसंघच नाहीत, सारा देश एकच मतदारसंघ, त्यामुळे माझ्या कोहेन सहकाऱ्याने यादी वाचून जाब कोणाच्या दारात विचारायचा? नाशिककरांना दार माहीत आहे. विवाह हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय असल्याने नोटिशीचा प्रश्न आमदारालाही विचारता येतो आणि खासदारालाही, आणि दोघांच्या कार्यालयांत रोज सकाळी बदली, रस्ता, पाण्याचा टँकर अशा कामांसाठी रांग लागलेली असते. त्या रांगेत तीस दिवसांच्या नोटिशीबद्दल विचारायला कोणी उभे राहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.