फोमच्या जेटचे पहिले उड्डाण

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात प्रॉपेलरचा झोत शेपटीवर येतो तसा डक्टेड फॅनचा (नळीत बसवलेल्या पंख्याचा) येत नाही, त्यामुळे पुरेसा वेग येईपर्यंत एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) जवळजवळ निर्जीव असतो, हे वाचून ठाऊक होते. दिवे घाटापलीकडच्या माळावर रविवारी ते प्रत्यक्ष पाहिले. मित्राने हातातून सोडताच ६४ मिमी पंख्याचे माझे जेट गवताला टेकेल इतके खाली आले, आणि मग १४.८ व्होल्टची चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी जीव तोडून त्याला वर घेऊन गेली. गुरुत्वमध्यासाठी बॅटरी किंचित पुढे सरकवली होती, तेवढ्यावर निभावले. (हवेच्या मार्गातले सांधे घासण्यात गेलेल्या तीन संध्याकाळींबद्दल घरी अजून ऐकतो आहे.) साडेतीन मिनिटांनी ते पोटावर उतरले, नाकाला एक पोचा आला.