काळ्या कागदाखालचा चौथा वाफा

भाजीपाल्याच्या बागांना सल्ला देण्याचे काम करताना तणांच्या तक्रारी नित्याच्याच असतात आणि त्यांतील बहुतेकांचे कारण वाफ्यावर नजर टाकताच कळते. आच्छादन पातळ पडलेले असते, किंवा आच्छादनासाठी आणलेल्या वाळक्या गवतालाच बी धरलेले असते. एका सकाळी मला ज्या बागेत बोलावले होते तेथील प्रकार मात्र याच्या अगदी उलट होता. चार वाफ्यांपैकी पेंढ्याने आणि पालापाचोळ्याने झाकलेले तीन वाफे स्वच्छ होते, आणि ज्या चौथ्या वाफ्यावर सर्वांत जास्त खर्च करून काळा मल्चिंग पेपर, म्हणजे आच्छादनासाठीचा प्लास्टिकचा पातळ कागद, अंथरला होता, त्याच वाफ्यात तण माजले होते.

बाग एका निवृत्त गृहस्थांची होती आणि त्यांनी काम मन लावून केलेले दिसत होते. पेंढ्याचा थर दबल्यानंतरही आठ-दहा सेंटिमीटर उरेल इतका दिलेला होता. पालापाचोळ्याखाली पुठ्ठे एकमेकांवर चढवून लावलेले होते, आणि रोपांच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडलेली होती. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक पाळतात, आणि मग ओलसर आच्छादन चिकटून बुंधे कुजले की दोष पाण्याला देतात. चौथ्या वाफ्यातही उणीव अशी काही नव्हती. कागद ताणून बसवलेला, कडा मातीत गाडलेल्या, खाली ठिबकची नळी आणि नेमक्या अंतरावर पाडलेल्या छिद्रांत टोमॅटोची रोपे. तरीही दुरून पाहताना त्या कागदाला कोणी हिरव्या सुया टोचून ठेवल्या आहेत असे वाटत होते.

"मॅडम, कागद हलका निघाला," काका म्हणाले. "यावर दुसरा थर अंथरायचा विचार आहे. फक्त त्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या."

कागद हलका असता तर तो घड्यांवर किंवा उन्हाने कडक झालेल्या भागात फाटला असता. येथे प्रत्येक भोक बारीक होते, त्याच्या कडा वरच्या बाजूला उलटलेल्या होत्या आणि दोन भोकांमधला कागद अगदी धड होता. म्हणजे प्रत्येक भोक खालून पडलेले होते. एक पाते देठासह उपटून मी बोटांत फिरवले, तेव्हा देठाच्या तीन धारा स्पष्ट लागल्या. गवताचा देठ असा त्रिकोणी नसतो. हा लव्हाळा होता आणि तो नेहमीप्रमाणे मातीच्या वर तुटून हातात आला होता, खालचा भाग जागच्या जागी ठेवून.

वाफ्याच्या एका टोकाचा हातभर कागद उचलण्याची मी परवानगी मागितली. काका थोडे नाराजीने तयार झाले. त्या हातभर जागेत मला जे दिसले ते इतक्या वर्षांच्या कामात इतके ढळढळीत कधी दिसले नव्हते. ओल्या मातीवर माठाची आणि घोळीची असंख्य इवली रोपे पांढरट, दोऱ्यासारखी लांबलेली आणि मान टाकून मेलेली पडली होती. त्यांच्यामधूनच लव्हाळ्याचे टोकदार, फिकट कोंब सरळ वर निघालेले होते. काही कागदाला टेकून आडवे सरपटले होते आणि काहींनी तो भेदला होता. कागदाने एका प्रकारच्या तणाचा पूर्ण निकाल लावला होता आणि दुसऱ्याला त्याने जेमतेम क्षणभर अडवले होते, आणि या दोन्ही गोष्टींचा पुरावा एकाच ठिकाणी पडलेला होता.

काकांना मी ते जवळून पाहायला लावले, कारण आच्छादन नेमके काय करते हे तेथे आयतेच दिसत होते. माठ आणि घोळीसारख्या वार्षिक तणांचे बी अतिशय बारीक असते. ते बहुधा मातीच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधूनच उगवते, त्यातील पुष्कळांना रुजण्यासाठी प्रकाशाचा इशारा लागतो, आणि रुजल्यानंतर शिदोरी इतकी तुटपुंजी असते की काही दिवसांत पानांवर ऊन पडले नाही तर रोप उपाशी मरते. आच्छादन प्रकाश तोडते आणि या तणांचा प्रश्न तेथेच संपतो, मग ते आच्छादन पेंढ्याचे असो की प्लास्टिकचे. लव्हाळा बियांवर फारसा अवलंबूनच नसतो. त्याचे साठवणीचे अन्न जमिनीतील गाठींत असते, आणि त्या अन्नाच्या जोरावर निघालेला कोंब अंधारातून बऱ्याच अंतरापर्यंत वर येऊ शकतो. कोंबाचे टोक घट्ट गुंडाळलेले आणि अणकुचीदार असल्यामुळे पंचवीस-तीस मायक्रॉनचा प्लास्टिक कागद त्याला सहज भेदता येतो.

मग मी दाताळ्याने तेथील माती सैल केली. वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्येच काळपट तपकिरी गाठी निघू लागल्या. काही तारेसारख्या चिवट खोडांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, पण बहुतेक सुट्या होत्या, आणि माझे लक्ष वेधले ते या सुट्या गाठींनी. "काका, हा वाफा तयार कसा केला?" असे विचारल्यावर समजले की बाकीचे तीन वाफे जुने आणि हाताने खुरपलेले होते, तर हा कोपरा वर्षानुवर्षे पडीक होता. तेथील "गवत" निघावे म्हणून त्यांनी लहान पॉवर टिलर दोनदा आडवाउभा फिरवला होता.

चौथाच वाफा का बिघडला, याचा उलगडा त्यात होता. साखळीत जोडलेल्या असतात तोवर लव्हाळ्याच्या सगळ्या गाठी एकाच वेळी फुटत नाहीत. पुढच्या गाठीला कोंब आला की ती मागच्यांना दाबून ठेवते. टिलरच्या पात्यांनी ही साखळी तुकडे-तुकडे केली आणि झोपलेली प्रत्येक गाठ मोकळी झाली. त्यावर काळ्या कागदाने ऊब दिली आणि ठिबकने ओल दिली. लव्हाळ्याला याहून अधिक काही नको असते.

दुसरा थर अंथरण्याला मी स्पष्ट नकार दिला, कारण तो कागदही तसाच भेदला गेला असता. जाड कागदी आच्छादन लव्हाळ्याला प्लास्टिकच्या पातळ थरापेक्षा अधिक अडवते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. पण मातीत गाडलेल्या कडा लवकर कुजतात आणि मग वाऱ्याने ते उचलले जाते. काकांनी पारदर्शक प्लास्टिकबद्दलही विचारले आणि त्यांची शंका वाटते तितकी भाबडी नव्हती. पारदर्शक कागदाखाली प्रकाश मिळताच लव्हाळ्याचा कोंब अणकुचीदार राहत नाही, पाने खालीच उलगडतात आणि कागद बहुधा भेदला जात नाही. मात्र त्याच प्रकाशात इतर सगळी तणे फोफावतात, म्हणून हा उपाय पीक नसताना, कडक उन्हाच्या दिवसांत, ओल्या जमिनीवर कडा बंद करून चार ते सहा आठवडे माती तापवण्यासाठीच योग्य ठरतो, आणि त्यानंतरही खोलवरच्या गाठी जगू शकतात.

टोमॅटो उभे असल्यामुळे आम्ही कागद कापून काढून टाकण्याचे ठरवले. त्याजागी पेंढा घालण्याचा माझा सल्ला ऐकून काका बुचकळ्यात पडले, कारण पेंढ्यातूनही लव्हाळा वर येणारच होता आणि ते मी लपवले नाही. फरक इतकाच की पेंढा हाताने बाजूला सारता येतो, त्याखालची माती भुसभुशीत राहते आणि कोंब गाठीसह काढता येतो. प्लास्टिकखाली पाते तुटते आणि गाठ पुन्हा फुटते. दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरण्याआधीच, दाताळ्याने माती उचलून कोंब काढायचे, कुदळीने तोडायचे नाहीत आणि टिलर त्या वाफ्यात पुन्हा न्यायचा नाही, असे ठरले. टोमॅटो संपल्यावर तेथे दाट पसरणारे रताळ्याचे वेल लावावेत, असे मी सुचवले, कारण लव्हाळ्याला सावली मानवत नाही.

निघालेल्या गाठी खताच्या ढिगात टाकण्यासाठी काकांनी घमेले उचलले होते, तेव्हा मी त्यांना थांबवले. ढीग सगळीकडे सारखा तापला नाही तर गाठी त्यात जिवंत राहतात आणि खताबरोबर बागभर पसरतात. काढलेला काळा कागद उन्हात पसरून त्यावर गाठींचा पातळ थर वाळत घालायला लावला आणि चुरा होईपर्यंत त्या हलवू नयेत असे सांगितले. त्यानंतर आम्ही चौथ्या आणि तिसऱ्या वाफ्यामधल्या वाटेवर उकरून पाहिले. जमिनीतील एक पांढरे खोड तिसऱ्या वाफ्याच्या दिशेने निम्म्या वाटेपर्यंत पोहोचले होते, आणि तो सगळा पट्टा आम्ही त्याच दुपारी खणून काढला.