कारवानीला भूल देताना

चिंगी ही आमची कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची कुत्री. तिची नसबंदी करायची म्हटल्यावर पहिला विरोध मामांचा. "कारवानीला भूल सोसत नाही. आमचा मोत्या विसरलीस का?" मोत्याला रानडुकरानं फाडलं होतं. टाके घालायला एकच इंजेक्शन दिलं आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. लातूरकडे कारवानी कुत्री पाळणाऱ्या बऱ्याच घरांत असा एखादा मोत्या निघतो.

डॉक्टर मॅडमना हे सांगताना मला जरा संकोच वाटत होता. त्या मात्र हसल्या नाहीत. "थायोपेंटोन असणार," म्हणाल्या. हे औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं, म्हणून कुत्रं जागं होतं. कारवानीच्या अंगावर चरबी असते ती किती थोडी! शिवाय ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींचं यकृतही ते सावकाश मोडतं. म्हणजे मामांनी जे पाहिलं ते खरंच होतं, दोष फक्त त्यांनी जातीला दिला.

रक्ततपासणी झाली. रात्री 10 नंतर खाणं बंद, पाणी मात्र सकाळपर्यंत चालेल, असं सांगितलं होतं. मी अंदाजानं 25 किलो सांगितलेली चिंगी काट्यावर 21 भरली. डोस किलोवर ठरतो, त्यामुळे मॅडमनी माझ्याकडे बघितलं ते मला कळलं.

आधी मांडीत पूर्वभुलीचं इंजेक्शन: ब्युटोर्फॅनॉल आणि डेक्समेडेटोमिडिन. एक वेदनेसाठी, दुसरं गुंगीसाठी. पंधरा मिनिटांत तिची मान माझ्या हातावर आली. हिरड्या फिकट दिसायला लागल्या, ठोके साठावर आले, आणि माझेच वाढले. "औषधानं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हृदय सावकाश चालतं. आम्ही बघतोय," मॅडम म्हणाल्या. पुढच्या पायाला कॅन्युला (शिरेतून औषध द्यायची बारीक नळी) लावताना चिंगीनं पायसुद्धा ओढला नाही. एरवी तिची नखं कापायला तीन माणसं लागतात.

मग झोपवणारं औषध, दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. ते थेंबाथेंबानं, डोळ्याकडे आणि जबड्याकडे बघत द्यायचं, कारण घाईनं दिलं तर श्वास थांबू शकतो. सिरिंजमध्ये 12 मिली होतं, सहाही लागलं नाही. उरलेलं दाखवून मॅडम म्हणाल्या, "मांडीतलं इंजेक्शन दिलं नसतं तर कदाचित हे सगळं लागलं असतं." संतुलित भूल म्हणजे काय ते मला त्या अर्ध्या सिरिंजमध्ये कळलं. गुंगी एकाकडून, वेदनाशमन दुसऱ्याकडून, झोप तिसऱ्याकडून. प्रत्येकाकडून थोडंच काम घेतलं की कुणाचाच डोस डोईजड होत नाही.

श्वासनलिकेत नळी गेली, डोळ्यांत मलम घातलं (भुलीत पापण्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं) आणि मला बाहेर काढलं.

आत काय झालं ते नंतर समजलं. नळीतून दिलेलं आयसोफ्लुरेन (श्वासावाटे द्यायचं भुलीचं औषध) झोपवतं, पण वेदना थांबवत नाही. बीजांडकोश ओढतात तो क्षण सगळ्यात दुखरा, तेव्हा ठोके एकदम चढतात. तिचे थोडेसेच चढले, कारण वेदनेचं औषध आधीच अंगात होतं. चिरेच्या जागीही बधिर करणारं औषध सोडलं होतं.

खरी ओढाताण शेवटी झाली, तीही भुलीपेक्षा थंडीनं. तापमान 97 फॅरनहाइटवर आलं होतं. कातडी पातळ, पोट भादरलेलं, डिसेंबर महिना. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. उघडी बाटली लावायची नाही, बेशुद्ध कुत्र्याला चटका कळत नाही. ती गिळायला लागली तेव्हा नळी काढली. अर्ध्या तासात तिनं डोकं उचललं.

तोवर मामांचे चार फोन. "उठली का?"

"उठली."

"उभी राहिली का?"

संध्याकाळी राहिली, मागचे पाय फाकवून. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मॅडमनी लाल पेनानं लिहिलंय: कारवान, थायोपेंटोन नको. मामांनी त्याचा फोटो मागवून घेतला.