निळा रंग उतरेना

टीवायबीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हिल रिअ‍ॅक्शन मी कित्येक वर्षं घेतेय, केंब्रिजच्या रॉबर्ट हिलनं १९३७ साली पहिल्यांदा दाखवलं की पानातून वेगळी काढलेली हरितलवकं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कणसुद्धा, कार्बन डायऑक्साइड न देता उजेडात ऑक्सिजन सोडतात, त्याचंच हे कॉलेजातलं रूप. पालक बर्फात थंड करून साखरेच्या बफरमध्ये (आम्लता बदलू न देणाऱ्या द्रावणात) वाटायचा, मलमलीतून गाळायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, आणि त्यात डीसीपीआयपी हा निळा रंग टाकून बल्बसमोर ठेवायचं. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन या रंगाला मिळाले की निळं जातं आणि हरितलवकांचा हिरवा तेवढा उरतो. चारपाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी वीस मिनिटं झाली तरी एकाही टेबलावर निळा उतरेना. फॉइल गुंडाळलेली अंधारातली नळी आणि उजेडातली नळी शेजारी धरल्या तर फरकच नाही.

आधी वाटलं रंग खराब झाला असेल, म्हणून त्यात व्हिटॅमिन सी चा थेंब टाकला तर क्षणात रंगहीन, म्हणजे रंग ठीक. बफर नवीन केला, तरी तेच. शेवटी लॅबच्या मावशींनी सकाळी घरासाठी बाजारातून घेतलेली पालकाची जुडी होती त्यातली चार पानं मागून घेतली, त्याच भांड्यात, त्याच बफरमध्ये वाटली, आणि पाच मिनिटांत निळा गेला! म्हणजे दोष पानात. आमचा पालक एका मुलानं घरच्या शेतातून आणला होता, दिसायला इतका ताजा आणि हिरवागार की मीच सकाळी त्याचं कौतुक केलेलं.

मग दोन्ही पानं डार्करूममध्ये नेली, निळा एलईडी टॉर्च मारला आणि लाल फिल्टरमधून बघितलं. बाजारातलं पान मंद लाल, शेतातलं मात्र चांगलंच उजळ. तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं, कारण हरितद्रव्यानं घेतलेला उजेड असा लाल होऊन परत बाहेर पडतोय म्हणजे इलेक्ट्रॉनला पुढे जायला वाटच नाहीये.

मी पालक आणणाऱ्या मुलाला विचारलं, वाफ्याच्या शेजारी काय आहे रे? म्हणाला, ऊस. तिथूनच वडिलांना फोन लावायला लावला.

"आबा, उसात औषध कधी मारलं?"

"झालं की चार दिस. तणाचं औषध, ॲट्राझीन. का रं?"

"आणि पाणी?"

"दुसऱ्या दिवशी दिलं. पाट पालकाच्या वाफ्यातनंच जातोय न्हवं."

मग फळ्यावर चित्र काढलं. पाणी फुटून इलेक्ट्रॉन निघतात ते हरितलवकाच्या आतल्या पडद्यातल्या फोटोसिस्टम दोन या प्रोटीनसमूहात, आणि तिथल्या डी१ नावाच्या प्रोटीनमध्ये एक खाच असते. प्लास्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू त्या खाचेत येऊन बसतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो, बाहेरच्या बाजूनं दोन प्रोटॉन घेतो, आणि सुटून पडद्यातून सायटोक्रोम या पुढच्या प्रोटीनसमूहाकडे जातो, तिथे इलेक्ट्रॉन पुढे देतो आणि प्रोटॉन आतल्या पोकळीत सोडतो. तेच साठलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या एन्झाइममधून बाहेर येताना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं. ॲट्राझीन जाऊन बसतं बरोब्बर त्या खाचेत, म्हणजे प्लास्टोक्विनोनला जागाच नाही, मग इलेक्ट्रॉन अडतात आणि त्याच्या पाठीवरून जाणारे प्रोटॉनही तिथेच थांबतात. रंगाला इलेक्ट्रॉन मिळतात ते या टप्प्याच्या पुढे, म्हणून आमच्या नळ्या निळ्याच. आणि झाड नुसतं उपाशी मरत नाही हे मी मुद्दाम सांगितलं, अडकलेल्या ऊर्जेतून घातक ऑक्सिजन तयार होतो आणि तो पानच जाळतो. ऊस आणि मका ॲट्राझीनचं रूपांतर करून टाकतात म्हणून टिकतात, पालकाला ते जमत नाही.

एवढं समजावून वळले तर तो मुलगा परत फोनवर, दाराबाहेर, आवाज अगदी बारीक. "आई, आज पालक करू नको. काल केलेला फेकून दे." परवापासून घरात तीच भाजी चालू होती. मी कृषी सहायकांना दाखवून घ्यायला सांगितलं, आणि वाफ्यातला पालक कुणाला विकू नका असंही.

पुढच्या सोमवारी तो त्याच वाफ्यातली पानं कागदात गुंडाळून घेऊन आला. खालची जुनी पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागली होती, मधला भाग अजून हिरवा होता.