दोन नवे टायर

गाडी बघायला गेलो तेव्हा पुढचे दोन टायर इतके नवे होते, की त्यांच्यावरचे रबराचे केससुद्धा अजून झिजले नव्हते. मला वाटलं, चला, एवढा तरी खर्च वाचला. गाडी सात वर्षांची, ९२ हजार किलोमीटर चाललेली, ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना पोचवू शकणारी. दोन मुलं, सासूबाई, त्यांची व्हीलचेअर आणि महिन्यातून दोनदा चढावी लागणारी एक चिखलाची वाट, या सगळ्याला पुरेल अशी गाडी हवी होती. इंजिनचा आवाज ऐकला, खाली वाकून गंज पाहिला, सर्व्हिसची वही चाळली. मागच्या टायरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर काढताना ती अडखळायला लागली. हँडब्रेक अर्धवट लागून राहिलाय आणि आपण तशीच रेटतोय, असं काहीतरी. खालून गुरगुर, सीटला थरथर. नवरा म्हणाला, "जुनी गाडी आहे, बोलणारच." मागे बसणाऱ्या सासूबाईंची तक्रार वेगळीच. "मोठ्या रस्त्याला लागलं की माझ्या बुडाखाली कुणीतरी जातं फिरवतंय." पुढे बसून आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही ते त्यांच्या कानांवर ढकललं.

मेकॅनिकने गाडी सुरूसुद्धा केली नाही. "ताई, आधी टायर बघू." खाचांची खोली मोजायचं छोटं गेज घेऊन तो चारही चाकांपाशी बसला. पुढे साडेसात मिलिमीटर, मागे साडेतीन. "विकायच्या आधी दोनच बदललेत. दिसायला बरं दिसतं."

चार मिलिमीटरने काय एवढं आभाळ कोसळतं, म्हणून घरी येऊन हिशेब मांडला. आमच्या टायरचा व्यास साधारण ६८० मिलिमीटर. खाच चारने उथळ म्हणजे व्यास आठने कमी. तेवढ्यावर मागचं चाक दर किलोमीटरला पुढच्यापेक्षा साडेपाच फेऱ्या जास्त मारतं. शंभर किलोमीटरला साडेपाचशे! इंजिनचा जोर फक्त पुढच्या चाकांना असता तर याने काही बिघडलं नसतं, मागची चाकं आपली मोकळी फिरली असती. पण आमच्या गाडीत पुढून मागे एक लांब शाफ्ट जातो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या आहेत. पुढची चाकं घसरली की चकत्या एकमेकींना धरतात आणि जोर मागे पोचतो. चाकांच्या फेऱ्यांत कायमचाच फरक असला, की त्या बिचाऱ्या कोरड्या सरळ रस्त्यावरही घासत राहतात, तापतात आणि तेलाची वाट लावतात.

तेल बदलताना मी शेजारीच उभी होते. मेकॅनिकने आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करून पाहिला, मगच खालचा काढला. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल गेलं, तर गाडी जागची हलवता येत नाही, म्हणे. चकत्यांचं तेल डांबरासारखं काळं आणि जळका वास मारणारं. डिफरन्शियलच्या बोल्टवरच्या चुंबकाला राखाडी लोण्यासारखा लगदा. बोटांवर घेतला तर कण लागत नव्हते. "तुकडे नाहीत, नशीब समजा," तो म्हणाला. ही दोन तेलं वेगवेगळी असतात हेही तिथेच कळलं. सर्व्हिसच्या वहीत इंजिन ऑइलच्या नोंदी दर वर्षी होत्या, मागच्या तेलाची एकही नाही.

एकाच मापाचे, एकाच बनावटीचे चार टायर घेतले. म्हणजे ते 'वाचलेले' दोन धरून सहा. महिन्याभराने चकत्यांचं तेल पुन्हा एकदा बदललं, तेव्हा कुठे वळणावरची गुरगुर पूर्ण थांबली. जातं मात्र चालूच होतं. ते निघालं मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगचं, टायरशी काही संबंध नाही. सासूबाईंची रीतसर माफी मागितली.

गाडीचं कौतुकही सांगते. त्या चिखलाच्या वाटेवर पूर्वीची गाडी निम्म्यात गरगर चाकं फिरवत बसायची. ही क्षणभर पुढून सरकते, मग मागून कुणीतरी खांदा लावल्यासारखी वर येते. अॅव्हरेज थोडं कमी मिळतं, ते मला मान्य आहे. फक्त ब्रेकच्या बाबतीत भ्रम नको. ओल्या उतारावर ती इतर कुठल्याही गाडीइतकीच घसरते. थांबायचं काम टायर करतात, चारही चाकांना मिळणारा जोर नाही. हे मी एका कुंपणापासून हातभर अंतरावर शिकले.

मागच्या महिन्यात बॅटरीने दगा दिला. टोइंगवाला पुढची चाकं उचलून, मागची रस्त्यावर फिरवत न्यायला निघाला होता. मी आडवी उभी राहिले. तसं ओढलं तर त्याच चकत्या पुन्हा भाजून निघतील. "आजवर कुणी काही म्हणालं नाही," तो वैतागला. सपाट ट्रक यायला दोन तास लागले, मुलांनी तेवढ्यात माझा फोन संपवला.

आता ते गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. परवाचं माप: पुढे ५.९, मागे ६.२. या रविवारी पुढची चाकं मागे.