माळ्यावरचं साउंड कार्ड

आज रामबागेतल्या घराचा माळा आवरताना कॉम्प्युटरचं जुनं साउंड कार्ड, साउंड ब्लास्टर १६, सापडलं. भाचा म्हणतो, "मामा, आवाजासाठी वेगळं कार्ड?"

अरे, त्याआधी नुसता पीसी स्पीकर होता. एका वेळी एकच सूर, तोही डासासारखा! १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डात यामाहाची वायएम३८१२ चिप आली आणि एकदम नऊ आवाज मिळाले. रेकॉर्डिंग नव्हे हं. एक लहर दुसरीला हलवते, त्यातूनच बासरी, घंटा, ढोल घडवायचे. एकाच गेमचं संगीत कार्डागणिक वेगळं वाजायचं. मित्राकडे भारी, आमच्याकडे टिनपाट.

आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन, ५ ठेवायची की ७, यात कित्येक रविवार गेले. आता आवाज मदरबोर्डवरच असतो.

कार्ड काही भंगारात टाकवेना. खालून आई ओरडली, "पोहे गार झाले!"