खिशातल्या विजेरीसाठी चार एलईडींची जुळणी

चार एलईडींच्या माझ्या छोट्या विजेरीत मुळात ६५०० केल्विन रंगतापमानाचे (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर) थंड, निळसर दिवे होते. त्या उजेडात पिकलेला टोमॅटोही तपकिरी दिसे, कारण अशा स्वस्त एलईडींच्या वर्णपटात गडद लाल भाग फारच तोकडा असतो. म्हणून मी निचिया या जपानी कंपनीचे ५१९ए हे ९० च्या पुढे सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी निर्देशांक) असलेले एलईडी निवडले. तेवढ्याच विद्युतप्रवाहात ते थोडे कमी ल्युमेन (एकूण उजेडाचे एकक) देतात, पण खिशातली विजेरी पूर्ण ताकदीवर काही मिनिटांतच हाताला चटका देऊ लागते, त्यामुळे कमाल ल्युमेनच्या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही.

खरा विचार करावा लागला तो रंगछटेचा. दोन एलईडी २७०० केल्विनचे आणि दोन ५७०० केल्विनचे घेतले, तर मिश्रण मधल्या तापमानाचे होते, परंतु रंगांच्या आलेखावर कृष्णवस्तूच्या (तापून प्रकाशणाऱ्या आदर्श वस्तूच्या) प्रारणाची रेषा वक्र आणि मिश्रणाची सरळ असल्याने ते त्या वक्राच्या किंचित खाली, म्हणजे गुलाबी बाजूला उतरते. हिरवट झाक मला मुळीच सोसत नाही, तेव्हा हा दोष माझ्या पथ्यावरच पडला.

समान छटेचे एलईडी समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवले. शेजारी-शेजारी बसवले असते, तर भिंतीवर एक बाजू पिवळी आणि दुसरी पांढरी दिसली असती. चारही समांतर जोडलेले असल्यामुळे वेगळ्या जातीचा एलईडी मिसळणे मात्र टाळले, कारण ज्याचे व्होल्टेज कमी, तोच जास्त प्रवाह ओढतो.